विहिरीतली थोरली

आमच्या मळ्यातल्या विहिरीपासून पन्नास पावलांच्या आत 'कासव' हा शब्द तोंडातून काढायची बंदी होती. पन्नास पावलं कुणाची, हे मात्र ठरलेलं नव्हतं. वडील ढांगा टाकत, त्यामुळे त्यांची बंदी पार गंगापूर रोडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायची आणि टपरीवाल्यालाही लागू व्हायची. आईची पावलं चिमणीची, तिची बंदी गोठ्यापाशी संपे. मी दोघांच्या मधोमध असलेल्या चिंचेचा बुंधा ही हद्द धरली होती. बुंध्याच्या पलीकडे उभं राहून तो शब्द पोटभर म्हणून घ्यायचा आणि मग तोंड मिटून अलीकडे यायचं, असा माझा लहानपणीचा नेम होता.

कारण साधं होतं. त्या नावानं हाक मारली की ते जनावर मान आत घेतं, आणि आमच्या विहिरीतल्या जनावरानं मान आत घेतली की विहीर पाणी आत घेते. माझा एक चुलता भांडणाच्या भरात काठावर उभा राहून तो शब्द तीनदा ओरडला होता. पाणी वीस पायऱ्या खाली गेलं. विहिरीला पायऱ्याच सोळा होत्या, असं माझा भाऊ मध्येच बोलून नेहमी घालवतो. बरं, बारा पायऱ्या. पण गेलं.

म्हणून तिला आम्ही थोरली म्हणायचो. पणजोबांनी विहीर खणली, पाणी लागलं, आणि त्याच आठवड्यात त्यांनी गंगेवरून, म्हणजे तुमच्या नकाशातल्या गोदावरीवरून, तिला ओल्या पोत्यात घालून आणलं आणि सोडलं. तेव्हाची रीतच होती. विहिरीत एक सोडलं की शेवाळ, किडे, मेलेले बेडूक, सगळ्याचा निकाल तीच लावायची. पणजोबांचं लग्न त्यानंतर झालं. म्हणजे घरात ती आधी आली आणि सुना मागाहून. त्यामुळे घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक नव्या नवरीला हळदीकुंकवाचं ताट देऊन आधी विहिरीवर नेत आणि सांगत, "ही थोरली. तू धाकटी." माझी बायको सटाण्याकडची. तिनं वाकून खाली पाहिलं, परातीएवढी हिरवीकाळी पाठ पाहिली, आणि घुंगट सारून तिच्या अहिराणीत मला विचारलं, सवत दाखवताय का म्हणून: "हाई काय शे? सवत दखाडी राहिनात का मला?"

शहरातले लोक या शब्दाशी किती सैलपणे वागतात हे मी आयुष्यभर बघत आलो. कुणाच्या बोटात चांदीचं, त्याचं तोंड नखाकडे हवं की मनगटाकडे यावर भाऊबंदकी. कुणाच्या ऑफिसात पितळेचं, काचेच्या ताटलीत पाणी घालून उत्तरेकडे तोंड करून ठेवलेलं. पाणी बदलायला माणूस नसतो, त्यात डास अंडी घालतात. तलाठ्याच्या कचेरीत फाईल हलली नाही की लोक त्या बिचाऱ्या जनावराचं नाव घेऊन शिव्या देतात. महादेवाच्या देवळात दगडाचं असतं, त्याला हात लावून मग आत जायचं. कीर्तनकार सांगतात की त्यानं जसे पाय आत घेतले तसं तुम्ही मन आत घ्या. मी त्याला कधी हात लावला नाही. लांब उडी मारून जायचो. एकदा त्या उडीत पुढच्या पुजाऱ्याच्या पाठीवर गेलो, ते निराळं.

कीर्तनात आणखी एक सांगतात. कासवी पिलांना दूध पाजत नाही, अंगाखाली घेत नाही; लांब बसून नुसती बघते आणि त्या बघण्यावर पिलं वाढतात. लोक माना डोलवतात, डोळे टिपतात, प्रसाद घेऊन घरी जातात. आमच्या घरात मात्र ते करून पाहिलेलं होतं.

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तो वांग्याएवढा होता. आई म्हणते, "दुधी भोपळ्याएवढा तरी म्हण, मेल्या." आईला दूध आलं नाही. गाईचं त्याला पचेना, शेळीचं पोटात राहीना, डब्यातलं तो तोंडात धरीना. सहाव्या दिवशी सुईणीनं वडिलांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि वडील खताच्या खोलीत जाऊन, आतून कडी लावून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई खाटेवरून उठली. पोराला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसली. मी मागोमाग. तिनं पोराचं तोंड पाण्याकडे केलं आणि खाली वाकून म्हणाली, "थोरले, माझ्यात नाय. तू बघ."

पाणी हललं नाही, हे मला पक्कं आठवतं. एवढं मोठं जनावर वर येताना पाणी हलायला हवं होतं, बुडबुडे यायला हवे होते. पाण्यावर एक रेघ नाही, आणि डोकं वर. ओल्या मिऱ्यांसारखे दोन डोळे. ते पोरावर लागले आणि तिथंच राहिले. मी अंक मोजायला लागलो. शंभरापर्यंत मोजले तरी तिची पापणी लवली नव्हती. मला तेव्हा चाळीसपर्यंतच येत होते. पुढचे मी मनानं घातले.

आई रोज सकाळी जायची. भावाचं रडणं थांबलं, मग कुरकुर थांबली, मग तो पाण्याकडे बघून हसायला लागला. सव्वा महिन्यात त्याच्या मनगटाला वळ्या पडल्या. शेजारीण म्हणायची, आईनंच चोरून काहीतरी पाजलं असेल. असेलही. मी पाहतो त्यापेक्षा जास्त सांगतो हे सगळ्या नाशकाला ठाऊक आहे. पण ही एक गोष्ट मी कमी करून सांगतोय.

तो मोठा झाला तोही तसाच, भरलेला. विहिरीकडे पाठ करून झेंडू तोडत असायचा आणि मध्येच म्हणायचा, "आली वर." आम्ही बघावं तर खरंच डोकं वर. मी विचारायचो, "तुला कसं कळतं रे?" तो मानेमागे हात लावून सांगायचा, "इथं गरम लागतं." थंडीतही त्यानं कधी मफलर बांधला नाही.

वडील गेल्यावर मळ्याचे दोन भाग झाले. माझ्या वाट्याला गुलाबाची बाजू, त्याच्या वाट्याला विहिरीची. घर एकच राहिलं, चुली दोन झाल्या, आणि त्या दिवसापासून आम्ही एका पंगतीला बसलो नाही. भांडण काही नव्हतं. भांडण असतं तर निदान बोललो असतो. चारी बाजूंनी इमारती चढत होत्या, कोथिंबिरीच्या वाफ्यावर कुणाच्या तरी गॅलरीतलं पाणी गळत होतं, आणि एक दिवस भावानं जाहीर केलं की तो मेथी-कोथिंबीर बंद करून लॉन्स काढणार. गंगापूर रोडला माणसं लग्न करतात ती लॉन्सवर लग्न लावता यावं म्हणूनच, असं माझं मत आहे. त्यामुळे धंद्याला माझा विरोध नव्हता. अडचण एकच. स्टेज जिथं येणार होतं, बरोबर तिथं विहीर होती.

"स्लॅब टाकू," भाऊ म्हणाला. "वरून हिरवळ. कळणार पण नाही."

"ती आत असताना झाकण घालशील?" आईनं विचारलं.

"अगं आई, तिला कुठंतरी नीट सोडू की. धरणात सोडू. मोकळं पाणी, गार हवा. लोक पैसे देऊन तिथं जातात."

"धरणात माणूस नाय. ती माणसातली हाय. तिला घर पाहिजे."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात वाईट काम निघालं की सगळे माझ्याकडे बघतात, कारण ते काम चांगलं आहे असं मी पटवून देऊ शकतो. मीही दिलं पटवून. आमच्याकडे सुरगाण्याकडचं एक जोडपं वर्षानुवर्षं भात झोडून झाला की कामाला यायचं. विहिरीजवळच्या खोलीत राहायचं, होळीला परत जायचं. त्यांच्या पाड्यावर नवी विहीर झाली होती, पाणी हिरवट येत होतं. तो गडी स्वतःच म्हणाला होता, "शेट, आमच्या हिरीत सोडा. आमची माणसं जपतील तिला." मी म्हटलं, बघा, घर मिळालं, माणसं मिळाली, डोंगरातली हवा वर फुकट. असं जनावर धरणं नि हलवणं गुन्हा आहे हे मला आता ठाऊक आहे. तेव्हाही होतं.

तीन दिवस मोटर लावून पाणी उपसलं. दोर कमरेला बांधून मी खाली उतरलो. खाली मगरीएवढी पाल आणि मांडीएवढा खेकडा होता, हे मी पुष्कळांना सांगितलंय. ते तुम्ही सोडून द्या. खाली फक्त चिखल होता आणि ती होती. इतकी वर्षं मी तिला वरून पाहिली होती. पहिल्यांदा समोरासमोर आलो. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. मान वर करून ती काठाकडे बघत होती, जिथं भाऊ उभा होता. मी तिला घमेल्यात घातली, दोरानं वर ओढून घेतली, तरी मान तिकडेच. घमेलं फिरलं तशी मान फिरली, आमच्या दिवाणखान्यातल्या पंख्यासारखी, पण आवाज न करता.

आईनं तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. पाठीवर हळदीकुंकू वाहिलं. आई रडायला लागली तशी गड्याची बायकोही रडायला लागली, आणि मग माझी बायको, जी तिला सवत म्हणायची, तीही पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. आईनं पाठवणीला म्हणतात ते म्हटलं. आम्हा लोकांच्या तोंडात ते बसलेलंच असतं, मुलगी उंबरा ओलांडायला लागली की आपोआप येतं. ती म्हणाली, "आता तेच तुझं घर. मागं वळून बघू नको."

तिला नि त्या जोडप्याला घेऊन सुरगाण्याची जीप सुटली. मी खाली उभा राहून जीपच्या मागच्या फटीतून पाहिलं. घमेल्यातली मान इतका वेळ भावाकडे होती. ती सावकाश वळली आणि पुढे झाली.

स्लॅब पडला, हिरवळ लागली, लग्नं सुरू झाली. आणि भाऊ वाळायला लागला.

खाणं कमी झालं म्हणाल तर तसं नाही. लॉन्सवर रोज कुणाचं तरी लग्न. तो बासुंदीच्या पातेल्याशेजारीच उभा असायचा. सहा पुऱ्या, आठ पुऱ्या, वर मसालेभात. मी म्हणतो तेवढं नसेल, पण त्याच्या निम्मं धरलं तरी माणूस फुगायला हवा. पहिल्या महिन्यात त्यानं पट्ट्याला खिळ्यानं एक भोक पाडलं. दुसऱ्यात दोन. मग पट्ट्याचं टोक पाठीमागे पोचलं. डॉक्टर झाले. रक्त, लघवी, फोटो, पोटात नळी घालून झाली. रिपोर्ट असे आले की फ्रेम करून लावावेत. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "मला काही सापडत नाही, आणि मला ते आवडत नाहीये."

एप्रिलमधली दुपार, लॉन्सवर मंडपवाले घामानं निथळत होते, आणि भाऊ ऑफिसात लोकरी मफलर बांधून बसला होता. त्याच्या ऑफिसात मी पहिल्यांदाच गेलो.

"काय होतंय नेमकं?" मी विचारलं.

त्यानं मफलर आणखी घट्ट ओढला. मग म्हणाला, "दादा, हसू नको. माझ्या मागं कोणी नाही असं वाटतं."

"मागं भिंत आहे तुझ्या."

"भिंत आहे. पण कोणी नाही." त्यानं मफलर सारून मानेमागचा भाग दाखवला. मी हात लावला. माठाच्या बुडासारखा गार. मी बोटं काढून घेतली तरी गारवा माझ्या हातात राहिला, खांद्यापर्यंत चढला. इथं मी थोडं वाढवून सांगतोय असं वाटेल. कोपरापर्यंत म्हणा हवं तर.

आईला सांगितलं तेव्हा ती मेथीची जुडी निवडत होती. तिचे हात थांबले.

"मीच म्हटलं," ती म्हणाली.

"काय म्हटलंस?"

"मागं बघू नको म्हटलं ना मी तिला. तिनं ऐकलं."

"आई, ती काय माणूस आहे का ऐकायला? मीच परत घेऊन येतो. जीपनं गेलो की संध्याकाळी परत."

"ओटी भरून धाडलेली लेक अशी मागून आणतात व्हय रे? आता ती त्यांची." आईनं पुन्हा मेथी हातात घेतली, पण पानं टाकून देठ ताटात जमवायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "माहेरपणाला आण. चार दिवस. माहेरपणाला नाय म्हणत नाय कुणी. मागच्या हौदात ठिवू. एवढं त्याला भरून काढू दे, मग देऊ पोचवून."

सुरगाण्याच्या जीपमध्ये आम्ही सत्तावीस जण होतो आणि ड्रायव्हर बाहेर लटकून चालवत होता. वाटेत मी माहेरपणाचं बोलणं घोकत होतो. पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गड्याच्या बायकोनं नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा समोर ठेवला आणि म्हणाली, "शेट, तुमची थोरली लय गुणाची. या, दावते."

विहिरीच्या काठावर एका झाडाला लुगड्याची झोळी बांधली होती. झोळीत त्यांच्या सुनेचं पोर, मुलगी, आठ महिन्यांची. हे पोर मी आधी पाहिलेलं होतं. यंदाच्याच होळीआधी सून तिला आमच्या मळ्यावर घेऊन आली होती, तेव्हा तिच्या हातापायांच्या काड्या होत्या आणि डोकं मानेवर ठरत नव्हतं. आता तिच्या मनगटाला वळ्या होत्या. ती झोळीच्या काठावरून खाली पाण्याकडे बघत होती आणि हसत होती.

मी वाकलो. थोरली वर होती. पाण्यावर रेघ नव्हती.

"रोज अशीच बघती," गड्याची बायको म्हणाली. "दवाखान्यावाल्या बाईनं वजन केलं तं तिला काटाच खोटा वाटला. आम्ही सांगितलं नाय काई. तुमाला सांगते, तुम्ही घरचे."

"थोरले," मी हाक मारली. तिनं बघितलं नाही. "थोरले, माहेरी चल चार दिवस. आईनं बोलावलंय." डोळे पोरीवरून हलले नाहीत. दोनदा म्हटलं, चारदा म्हटलं. मला मानेमागच्या त्या गारव्याची आठवण झाली, आणि राग आला. माझ्या भावाला ज्यानं पोसलं ते जनावर माझ्याकडे ढुंकून बघत नाही म्हणजे काय? मी पन्नास पावलं विसरलो, चिंचेचा बुंधा विसरलो. विहिरीत तोंड घालून ओरडलो, "ए कासवा!"

मान आत गेली.

झोळीतलं हसू थांबलं. तो आवाज कुणीतरी हातानं दाबावा तसा थांबला. पोरीचे डोळे उघडेच होते, पण त्यांच्यात कुणी नव्हतं. डोकं आधी डावीकडे कललं, मग छातीवर पडलं, होळीआधी पडायचं तसं. गड्याच्या बायकोनं तिला झोळीतून उचललं, गालावर चापट्या मारल्या, नावानं हाका मारल्या. पोरीच्या मानेला हात लावून ती माझ्याकडे वळली.

"काय बोलला तुम्ही?" ती किंचाळली. "शेट, काय बोलला तिला?"

मी काठावर पालथा पडलो आणि खाली बोलायला लागलो. थोरले, चुकलो. थोरले, नको येऊ माहेरी. थोरले, हेच तुझं घर, आई म्हणाली तसंच. किती वेळ ते सांगत नाही, कारण मी सांगितलेला कुठलाही आकडा खोटाच वाटेल आणि खरा त्याहून मोठा होता. मग पाणी न हलता डोकं वर आलं. माझ्या मागे पोरीनं श्वास ओढला आणि रडायला लागली. एवढं गोड रडणं मी ऐकलेलं नाही. मी पायात चपला न घालताच जीपपर्यंत आलो.

घरी आलो तर आई दारातच. माझ्या हातात घमेलं नाही हे तिनं पाहिलं.

मी सगळं सांगितलं. न वाढवता सांगायला मला फार वेळ लागला, सवय नव्हती. आईनं एकच विचारलं, "केवढी हाय पोर?"

"आठ महिन्यांची."

आत भाऊ खाटेवर पडला होता. त्याचा खोकला ऐकू येत होता, रिकाम्या डब्यात खडा हलवल्यासारखा. आईनं तिकडे पाहिलं, मग डोंगराच्या बाजूला पाहिलं. माझ्या आईला असं दोन्हीकडे बघताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

"मग राहू दे तिला तिथं," ती म्हणाली. "माझ्यात दूध नव्हतं. नजर तर हाय ना?"

दुसऱ्या दिवसापासून ती भावाच्या जेवणाच्या वेळी त्याच्यासमोर बसायला लागली. वाढायचं काम भावाच्या बायकोला दिलं. ती फक्त बघायची. पहिले दोन-तीन दिवस भाऊ वैतागला. "आई, घास उतरत नाही असं टक लावल्यावर." "नको उतरू दे," ती म्हणायची, आणि बघायची. आठव्या दिवशी त्यानं मफलर काढला. पंधराव्या दिवशी पट्टा एक भोक मागे आला.

आणि आई बदलली. पापणी लवणं कमी झालं, मग ती लवताना मी तरी पाहिली नाही. मान खांद्यात बसत गेली. घरात ती कुठून आली हे कळेनासं झालं. बांगडी वाजायची नाही, पडदा हलायचा नाही, वळून बघावं तर ती उभी असायची. माझी बायको एकदा स्वयंपाकघरातून पातेलं टाकून पळत आली आणि म्हणाली, "तुमची आई माठाजवळ उभी आहे नि माठातलं पाणी..." पुढे काय ते तिनं आजवर सांगितलेलं नाही, आणि मी विचारलं नाही. गोष्ट अर्धी सोडून देणारा माणूस मी नव्हे. ती मी सोडली.

भाऊ भरला, लॉन्सवर परत हुकूम सोडायला लागला. आणि याच वर्षी आईच्या डोळ्यांवर ढग आले. डोळ्यांच्या डॉक्टरनं विजेरी लावून पाहिलं आणि म्हणाला, दोन्ही मोतीबिंदू पिकलेत. थांबलात तर नजर जाईल. आजी ऐंशीच्या घरात, पुन्हापुन्हा भूल नको, म्हणून दोन्ही एकाच वेळी करू. एक दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी.

"एक दिवस नाय जमणार," आई म्हणाली.

"आजी, एकच दिवस. उद्या दुपारी पट्टी सुटेल."

"एक दिवसात काय होतं ते तुमाला म्हायती नाय."

डॉक्टर हसला. मी हसलो नाही. सुरगाण्याच्या त्या विहिरीवर एक दिवसही नव्हता लागला. आईनं चाचपत माझं मनगट धरलं. पट्टी नसतानाच तिला चाचपावं लागत होतं, एवढा उशीर झाला होता.

"तू बघ त्याच्याकडं," ती म्हणाली.

"मला कुठं येतं आई ते?"

"खोटं बोलताना डोळे मिटतोस व्हय? उघडे ठिवूनच बोलतोस ना आजवर? मग ठेव उघडे."

तिला आत नेलं. मी लॉन्सवर गेलो. भावाच्या घरचं जेवण त्याच्या ऑफिसात मांडलं होतं, एकाच ताटाचं. मी समोर खुर्ची ओढून बसलो तसा तो दचकला. त्याच्या गळ्याला पुन्हा मफलर होता. गालाची हाडं दोनच तासांत वर आली होती, असं मला वाटलं. कदाचित मी ती पहिल्यांदाच पाहत होतो.

"आईनं पाठवलं?" त्यानं विचारलं.

"हो. तू जेव."

मी बघायला लागलो. डोळ्यांत आधी पाणी आलं, मग जाळ झाला, मग त्याच्या पलीकडे काहीतरी शांत झालं. त्याच्या कपाळावरचा व्रण दिसला. तो माझ्या गोट्या खेळण्यातून झाला होता आणि मी आजवर सगळ्यांना सांगितलं होतं की त्याला बैलानं मारलं. कानाशी केस पांढरे झाले होते. ते कधी झाले हे मला माहीत नव्हतं. बाहेर मंडपवाले शिव्या देत पाइप टाकत होते, तो आवाज लांब गेला. माझी मान खांद्यात उतरतेय असं मला जाणवलं आणि मी ती उतरू दिली.

भावानं हात वर नेला आणि मफलरची गाठ सोडली. कपाळावर घाम आला होता. त्यानं ताट बाजूला सारलं आणि ढेकर दिला.

"पुरे आता दादा," तो म्हणाला. "लय झालं. पोट भरलं."

ताटातली भाकरी अजून मोडलेली नव्हती.